दाबोळी की मोपा? आधी परतीचं ठरवा

गोव्याचं विमान तिकीट काढताना बहुतेक जण आधी तारीख बघतात, मग भाडं, मग विमानाची वेळ. उतरायचं कुठं आणि परत निघायचं कुठून, हा प्रश्न पैसे भरून झाल्यावर डोक्यात येतो, तोही बऱ्याचदा टॅक्सीवाल्यानं ‘दाबोळी की मोपा?’ असं विचारल्यावर. २०२२ संपेपर्यंत या प्रश्नाला अर्थच नव्हता, कारण गोव्याला जाणारं प्रत्येक प्रवासी विमान दाबोळीलाच उतरायचं. ५ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या पठारावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरची वाहतूक सुरू झाली आणि तेव्हापासून गोवा हे दोन विमानतळांचं राज्य झालं. तिकीट काढण्याची आपली सवय मात्र एका विमानतळाच्या काळातलीच राहिली आहे. हा क्रम उलटा करावा, असं माझं म्हणणं आहे. आधी विमानतळ ठरवा, मग तारीख आणि भाडं. विमानतळही उतरण्याचा आधी ठरवू नका, परतीचा ठरवा. सहलीतली शेवटची रात्र जिथं काढणार, तिथून सोयीचा विमानतळ निवडा आणि बाकीची सहल त्याच्या मागं लावा.

यावर पहिली शंका अशी येते की गोवा आहेच केवढा! क्षेत्रफळ जेमतेम ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांपेक्षाही लहान. एवढ्याशा राज्यात विमानतळ इकडे काय नि तिकडे काय? पण गोवा दक्षिणोत्तर लांब आहे, साधारण शंभर किलोमीटर, आणि दोन विमानतळ या लांबीवर बरेच दूरदूर आहेत. दाबोळी मुरगाव तालुक्यात, वास्कोच्या शेजारी. मोपा राज्याच्या उत्तर टोकाला, बांद्याच्या इतकं जवळ की सावंतवाडीकरांना तो आपलाच वाटतो. दोहोंच्या मधला रस्ता साठ-पासष्ट किलोमीटरचा आणि त्यात झुआरी नि मांडवी या दोन्ही नद्या ओलांडाव्या लागतात. मुंबईहून निघालेलं विमान जेवढा वेळ प्रत्यक्ष हवेत असतं, त्यापेक्षा जास्त वेळ चुकीच्या विमानतळावरून मुक्कामी पोचायला लागू शकतो. मोपाला उतरून काणकोणातल्या पाळोळ्याला निघालात तर शंभरेक किलोमीटर होतात, म्हणजे जवळजवळ अख्खा गोवा उभा पार करायचा. त्यामुळे नकाशावर गोवा लहान दिसला तरी संध्याकाळच्या रहदारीत तो लहान राहत नाही.

आता परतीचाच का? कारण येण्यातला उशीर आणि जाण्यातला उशीर यांची किंमत सारखी नसते. उतरल्यावर टॅक्सी दीड तास कोंडीत अडकली, तर फार तर एक सूर्यास्त हुकतो. हॉटेलची खोली कुठं पळून जात नाही. निघताना तोच दीड तास गेला तर तिकीटच जातं. देशांतर्गत उड्डाणांचे चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात आणि बोर्डिंग गेट सुटण्याच्या वेळेआधी सुमारे २५ मिनिटं. संध्याकाळी सातच्या विमानासाठी बॅग द्यायची असेल तर खरी मुदत सहाचीच. विमान सातचं आहे म्हणून मन निवांत असतं आणि काउंटरवरचा माणूस सहा वाजून पाच मिनिटांनी मान हलवतो. घरूनच मोबाइलवर वेब चेक-इन केलं आहे, हे सांगून तिथं काही होत नाही. बॅग टाकायची असेल त्याला काउंटरची मुदत लागूच असते. शिवाय येताना सगळे वेगवेगळ्या वेळी येतात, जाताना मात्र एकाच वेळी निघतात. रविवारची संध्याकाळ, लाँग वीकेंडचा शेवटचा दिवस, जानेवारीची पहिली आणि दुसरी तारीख या दिवशी गोव्यातली निम्मी पाहुणेमंडळी एकाच महामार्गावर उत्तरेला किंवा दक्षिणेला तोंड करून उभी असते. कोंडीचा धोका परतीतच साठलेला असतो, म्हणून निर्णयही तिथून सुरू व्हावा.

सुट्टीच्या ठिकाणचा विमानतळ कामाच्या शहरातल्या विमानतळासारखा वागत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. मुंबई-दिल्ली असा सकाळच्या विमानाचा प्रवासी एकटा असतो, हातात एकच बॅग असते, कुठला खिसा कधी रिकामा करायचा हे त्याला पाठ असतं. गोव्याहून निघणारी रांग निराळी. आजी-आजोबांची चाकाची खुर्ची, पोरांची बाबागाडी, सहा जणांत मिळून आठ बॅगा, त्यातल्या दोन येताना नव्हत्याच. देशांतर्गत तिकिटावर चेक-इन सामान सहसा १५ किलो आणि हातातली बॅग ७ किलो. काजू, बेबिंका, बाटल्या आणि ओले टॉवेल मिळून हा हिशेब सहज मोडतात. मग काउंटरसमोरच फरशीवर बॅगा उघडल्या जातात, चपला एका बॅगेतून दुसरीत जातात आणि मागची माणसं घड्याळ बघत उभी राहतात. अशा विमानतळावर वेळ दारापाशी जात नाही, सामान देण्याच्या काउंटरवर आणि सुरक्षा तपासणीच्या ट्रेसमोर जातो. इमारत कितीही नवी, कितीही ऐसपैस असली तरी हे बदलत नाही. म्हणून ‘मोपा नवा आहे, तिथं गर्दी नसेल’ किंवा ‘दाबोळीची गर्दी आता वाटली गेली, पटकन होईल’ या दोन्ही समजुतींवर वेळेचं गणित मांडू नका. दोन तास आधी पोचणं हा साध्या दिवसाचा हिशेब. डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस आणि लाँग वीकेंडला त्यात आणखी अर्धा-पाऊण तास घाला.

दाबोळीचं वागणं समजायचं तर त्याचा मालक कोण, हे आधी बघावं लागतं. हा विमानतळ पोर्तुगीजांनी १९५०च्या दशकात बांधला. डिसेंबर १९६१ मधल्या कारवाईत भारतीय हवाई दलानं त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि गोवा मुक्त झाल्यावर तो नौदलाकडे आला. आजही धावपट्टी नौदलाच्या आयएनएस हंसा या तळाची आहे. प्रवाशांची इमारत भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवतं; सध्याचं मोठं टर्मिनल डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झालं. पुण्याच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको, लोहगावची धावपट्टी हवाई दलाची असल्याचे परिणाम तो रोज बघतो. दाबोळीत याचा ठळक परिणाम असा की सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठच्या सुमारास सुरू होऊन दुपारी एकच्या आसपास संपणारा वेळ वर्षानुवर्षं नौदलाच्या सरावासाठी राखलेला आहे. त्या वेळात प्रवासी विमानं बसवता येत नाहीत, म्हणून ती पहाटे, दुपारनंतर आणि रात्री दाटीनं येतात. एकाच सुमारास तीन-चार विमानं उतरली की सामानाचा पट्टा, टॅक्सीचा काउंटर आणि बाहेरचा रस्ता एकदमच भरतो. कामाच्या दिवशी दुपारी दीड-दोनला दाबोळीहून निघणारं तिकीट दिसलं तर ते या दाटीतलं आहे, असं समजून चाला. लष्करी धावपट्टीवर घोटाळा झाला तर प्रवाशांचंही अडतं. जानेवारी २०१८ मध्ये सरावातलं एक मिग-२९के विमान धावपट्टीवरून घसरून पेटलं, तेव्हा विमानतळ काही काळ बंद ठेवावा लागला होता. असं रोज घडत नाही, पण पुढचं विमान किंवा गाडी पकडायची असेल तर मधला वेळ अगदी काटेकोर ठेवू नये. आणखी एक बारीक गोष्ट: तिथं धावपट्टीच्या बाजूला फोटो काढायला मनाई आहे. विमानात तशी घोषणा होते, ती बहुतेकांच्या कानावरून जाते.

मोपाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. हा विमानतळ मुळातच प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेला. त्याची पायाभरणी नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली. पर्यावरण परवानगीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, काम थांबलं, २०२० मध्ये वाट मोकळी झाली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झालं. जीएमआर समूहाची कंपनी तो चालवते. धावपट्टी साडेतीन किलोमीटरची, पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची. नौदलाची वेळ पाळायची नसल्यानं विमानं दिवसभर आणि रात्रीही येतात, त्यामुळे सकाळी दहा-अकराचं सोयीचं उड्डाण हवं असेल तर कामाच्या दिवशी ते इथंच मिळायचं. आखाती देशांतून येणाऱ्यांनीही नोंद घ्यावी की ओमान एअर आणि कतार एअरवेज या दोन्ही कंपन्या दाबोळी सोडून मोपाला आल्या आहेत. मस्कत किंवा दोह्याहून मडगावला घरी येणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्यामुळे पासष्टेक किलोमीटरचा रस्ता आला. मोपाची उणीव म्हणजे तो गावापासून लांब, पठारावर एकटा आहे. दाबोळीला विमान चार तास लांबलं तर वास्कोत जाऊन जेवून येता येतं. मोपाला टर्मिनलमध्ये मिळेल ते आणि त्या भावात. लहान मूल किंवा पथ्याचं माणूस बरोबर असेल तर खाणं सोबत ठेवलेलं बरं.

हे सगळं मुक्कामाशी जुळवून बघितलं की निर्णय बऱ्यापैकी सरळ होतो. हरमल, केरी, मांद्रे, मोरजी, तेरेखोल इथली शेवटची रात्र असेल तर मोपा, यात वादच नाही; अंतर वीस-पंचवीस किलोमीटरच्या घरातलं. म्हापसा, हणजुणे, वागातोर इथूनही मोपाच. झुआरीच्या दक्षिणेला, म्हणजे मडगाव, कोलवा, बाणावली, केळशी, काणकोण इथं असाल तर दाबोळी. पाळोळ्याहून दोन्ही विमानतळांच्या वेळेतला फरक कागदावर तास-सव्वा तासाचाच दिसेल, पण त्या तासात काय काय येतं ते बघा. दाबोळीला जाताना करमल घाट आणि मडगाव एवढेच अडथळे. मोपाला जाताना त्यांच्यापुढं कुठ्ठाळीचा चौक, झुआरीचा पूल, पणजीची वेस, मांडवीवरचा अटल सेतू, पर्वरी, गिरी आणि म्हापसा. पर्वरीच्या उन्नत रस्त्याचं काम निघाल्यापासून तिथं किती वेळ जाईल, याचा अंदाज स्थानिक टॅक्सीवालेही छातीठोकपणे देत नाहीत. झुआरीचा नवा केबलचा पूल डिसेंबर २०२२ मध्ये एका बाजूनं आणि वर्षभरानं दुसऱ्या बाजूनंही खुला झाला, तिथली जुनी डोकेदुखी बरीच कमी झाली, पण कोंडी नाहीशी झाली नाही, पुढच्या चौकात सरकली. त्यामुळे किलोमीटर मोजण्याऐवजी वाटेत किती चिंचोळ्या जागा लागतात, ते मोजा.

खरा पेच मधल्या पट्ट्याचा आहे. पणजीहून दाबोळी २७-२८ किलोमीटर आणि मोपा पस्तीसच्या आसपास. कळंगुट-कांदोळीहून मोपा थोडा जवळ, दाबोळी थोडा लांब. इथं अंतरानं निकाल लागत नाही, विमानाच्या वेळेनं लागतो. कामाच्या दिवशी सकाळचं उड्डाण हवं असेल तर मोपा. रात्री उशिराचं असेल तर पणजीकरांनी दाबोळी घ्यावा, कारण मडगाव-वास्कोकडची वाट त्या वेळी मोकळी असते. रविवारी संध्याकाळी कळंगुटहून निघायचं असेल तर विमानतळ कुठलाही असो, कळंगुट-साळगाव-गिरी हा तुकडाच तुमचा वेळ खाणार. तेव्हा शक्य झालं तर शेवटची रात्र किनाऱ्यावर न काढता पणजीत किंवा म्हापशात काढा. सहलीचा शेवटचा दिवस समुद्रावरच घालवला पाहिजे, हा हट्ट थोडा सोडला तर अर्धी धावपळ वाचते. पणजीतल्या फोंतेन्यशच्या गल्ल्यांत एक सकाळ घालवून निवांतपणे विमानतळ गाठता येतो आणि ती सकाळ वाया जात नाही, हे मी पैजेवर सांगेन.

सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा. लांबच्या विमानतळाचं तिकीट हजार-दीड हजारानं स्वस्त असेल तर ते का सोडायचं? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण काही वेळा तो बरोबर असतो. पण हिशेब करताना एक गोष्ट सुटते: तिकिटाचा दर माणशी असतो आणि टॅक्सीचा दर गाडीमागं. समजा लांबचा विमानतळ माणशी हजार रुपयांनी स्वस्त पडतो आणि तिथून टॅक्सीला दोन हजार जास्त लागतात. चौघांच्या कुटुंबाचे चार हजार वाचले, दोन हजार गेले, फायदा झाला. त्यांनी पैशापेक्षा वेळेचा विचार करावा. दोघांचा हिशेब बरोबरीत सुटला, म्हणजे दमछाक फुकटची. एकटा प्रवासी मात्र हजार वाचवायला गेला आणि हजारानं बुडाला. गंमत म्हणजे स्वस्त तिकिटाच्या मागं सगळ्यात जास्त धावतो तो एकटा प्रवासीच. त्यानं लांबचा विमानतळ घ्यायचाच असेल तर बसनं जाण्याची तयारी ठेवून घ्यावा. तिकिटातली एक बाबही बघून ठेवा: विमानतळ बदलला की वापरकर्ता शुल्क बदलतं, त्यामुळे पहिल्या पडद्यावरचा मूळ दर न बघता शेवटची बेरीज ताडून बघा.

दुसरा आक्षेप असा की सहल एकाच भागात नसते. दोन रात्री उत्तरेला, दोन दक्षिणेला असं असेल तर कुठला विमानतळ घ्यायचा? उत्तर सोपं आहे, दोन्ही घ्या. मोपाला उतरा, उत्तरेकडून सुरुवात करा, खाली सरकत या आणि दाबोळीहून परत जा. किंवा याच्या उलट. आपल्याकडच्या देशांतर्गत विमान कंपन्या जाण्याचं आणि येण्याचं भाडं बहुतेक वेळा वेगवेगळंच लावतात, त्यामुळे जाऊन-येऊन एकाच विमानतळाचं तिकीट काढण्यात सहसा बचत नसते. सवयीनं आपण ‘रिटर्न’ या बटणावर बोट ठेवतो आणि गोवा अख्खा दोनदा पार करण्याची सोय करून ठेवतो. बुकिंगच्या पानावर ‘गोवा’ टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकत्र दिसतात, स्वस्तातलं वर येतं. दाबोळीचं सांकेतिक नाव जीओआय, मोपाचं जीओएक्स. शेवटच्या एका अक्षराचा फरक. पैसे भरण्याआधी दोन्ही दिशांची तीन-तीन अक्षरं वाचून बघा, आणि निघायच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा वाचा. चुकीच्या विमानतळावर पोचलेल्या माणसाला विमान कंपनी काही देणं लागत नाही.

काही देणं लागत नाही, याला एक छोटा अपवाद आहे आणि तो फारच थोड्यांना माहीत असतो. विमान चुकलं, तिकीट वापरलं गेलं नाही, तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचं वापरकर्ता शुल्क प्रवाशाला परत द्यावं लागतं, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम आहे. मूळ भाडं बुडतं, पण ही रक्कम मागायची असते. आपण मागत नाही, इतकंच.

विमानतळाच्या बाहेर पडल्यावर पाहुण्यांना पहिला धक्का बसतो तो टॅक्सीचा. मुंबई-पुण्यात हातात असलेली ओला-उबरची ॲप गोव्यात चालत नाहीत. स्थानिक टॅक्सी संघटनांचा त्यांना कायम विरोध राहिला. २०१८ मध्ये गोवा माइल्स हे राज्यातलं ॲप आलं, त्यालाही विरोध झाला, तरी ते टिकलं. दाबोळीला प्रीपेड टॅक्सीचा काउंटर आहे, मोपाला गोवा माइल्स आणि पेडण्याच्या स्थानिकांच्या निळ्या टॅक्सी. दर मुंबईच्या मानानं चढे वाटतात. त्यावर चिडण्याआधी एवढं समजून घ्यावं की मोपाहून कोलव्याला गेलेल्या गाडीला परतीचं गिऱ्हाईक मिळेलच, असं नसतं. रिकाम्या फेरीचा भार तुमच्या भाड्यात येतो. मात्र पावती घ्यायचीच, आणि काउंटर सोडून आत घुटमळणाऱ्या माणसाच्या मागं जायचं नाही. स्वस्त आणि सभ्य पर्याय कदंब महामंडळाच्या बसचा. दोन्ही विमानतळांवरून पणजी, मडगाव, कळंगुट अशा ठिकाणी त्यांच्या बस जातात, मोपाच्या मार्गावर विजेवर चालणाऱ्याही आहेत. एकट्यादुकट्यासाठी हा उत्तम मार्ग. रात्रीच्या विमानाला मात्र शेवटची बस किती वाजता आहे, हे आधी बघून ठेवा. परतीची टॅक्सी आदल्या दिवशी ठरवा आणि ठरवताना नुसतं ‘एअरपोर्ट’ म्हणू नका, विमानतळाचं नाव घ्या.

भाड्याची स्कूटर किंवा गाडी घेणाऱ्यांनी पाटीचा रंग बघावा. स्वतः चालवायला कायदेशीरपणे भाड्यानं दिलेल्या वाहनाची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी विमानतळावर आणून देत असेल तर ती स्वस्त असण्याचं कारण तेच आहे. वाटेत पोलिसांनी अडवलं की विमानाची वेळ पोलीस बघत नाहीत. दोन वेगळ्या विमानतळांची माझी सूचना इथं थोडी अडते, हे खरं. एका टोकाला घेतलेली गाडी दुसऱ्या टोकाला सोडायची तर मालक जादा पैसे मागतो. तरी ती रक्कम विचारून घ्या. गाडी परत करायला अख्खा गोवा पुन्हा ओलांडण्याचं पेट्रोल आणि वेळ धरला तर बऱ्याचदा ती द्यायला हरकत नसते.

आणि हाच पेच आता दुसऱ्या टोकालाही आला आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं सुटू लागली. म्हणजे ‘मुंबई-गोवा’ या दोन शब्दांत आता चार वेगळे प्रवास दडलेले आहेत. बोरिवलीचा माणूस स्वस्त म्हणून उलव्यातल्या या नव्या विमानतळावरून निघून मोपाला उतरला आणि कोलव्याला गेला, तर विमानातल्या एका तासाच्या दोन्ही बाजूंना रस्त्यावरचे दोन-दोन तास लागतील. पनवेल-खारघरच्या माणसाला मात्र तोच विमानतळ वरदान. अशा वेळी रेल्वेलाही एकदा विचारात घ्यावं. जून २०२३ पासून धावणारी मुंबई-मडगाव वंदे भारत पावसाळा सोडून पावणेआठ तासांच्या आसपास मडगावला नेते आणि ठाणे, पनवेल, थिवी इथं थांबते. ठाण्याहून म्हापशाला जाणाऱ्यानं घर ते हॉटेल असा दोन्हींचा वेळ कागदावर मांडला, तर विमानाची आघाडी तिकिटावर दिसते तेवढी उरत नाही. सिंधुदुर्गातल्या वाचकांचं गणित निराळं: चिपीहून ऑक्टोबर २०२१ पासून विमानं सुटली खरी, पण तिथली सेवा कायमच अनियमित राहिली, त्यामुळे सावंतवाडी-बांदा-दोडामार्गच्या माणसाला मोपाचाच आधार मोठा आहे.

परतीच्या सामानाबद्दल सांगायलाच हवं, कारण गोव्यातल्या रांगा तिथंच अडतात. पाच टक्क्यांची असो वा पन्नास, दारू चेक-इन बॅगेतच टाकलेली बरी. २४ ते ७० टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेलं पेय माणशी पाच लिटरपर्यंत चालतं, पण बाटली दुकानातली, सीलबंद हवी. लेबलवाली काजू फेणी साधारण ४२-४३ टक्क्यांची असते, ती या मर्यादेत बसते. खेड्यातल्या भट्टीवरून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलेली फेणी किंवा उन्हाळ्यातला हुर्राक मात्र बसत नाही. त्या बाटलीवर ना टक्केवारी असते ना सील, आणि तपासणीवरच्या माणसाला तुमच्या जिभेच्या साक्षीचा उपयोग नसतो. याहून महत्त्वाचं म्हणजे विमानाचा नियम आणि राज्याचा अबकारी कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेली बाटली विमानात चढते म्हणून महाराष्ट्रात वैध होत नाही. त्यासाठी परवाना लागतो. गुजरातला जाणाऱ्यानं तर हा विचारच सोडावा. सुकं खोबरं तेलकट आणि पेट घेणारं असल्यामुळे विमानात चालत नाही, हे कोकणातून गोव्यामार्गे निघणाऱ्या घरांना ऐनवेळी कळतं आणि वाटीभर खोबऱ्यासाठी अख्खी बॅग उघडावी लागते. रेशाद मसाला, लोणचं असले ओले पदार्थ हातातल्या बॅगेत ठेवू नका, खालच्या बॅगेत घट्ट बांधून टाका. पॉवर बँकेचं बरोबर उलटं: ती हातातच हवी. स्कॅनरमध्ये ती खालच्या बॅगेत दिसली की बॅग बाजूला काढतात आणि तुम्हाला शोधत घोषणा होते.

राहता राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर भाडं उतरतं, गोवा हिरवागार असतो आणि गर्दी कमी, म्हणून अलीकडे पुष्कळ जण याच दिवसांत जातात, जावंही. पण मुसळधार पावसात दिसेनासं झालं की विमानं घिरट्या घालतात, दुसऱ्या शहरात उतरवली जातात किंवा रद्द होतात, आणि यात दाबोळी-मोपा असा फरक करण्यात अर्थ नाही. इथं हक्कांची मर्यादा माहीत असावी. डीजीसीएच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणंपिणं द्यावं लागतं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा यांतलं एक निवडता येतं. आधी न कळवता विमान रद्द केलं तर मुंबई-गोव्यासारख्या एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी ते भरपाई म्हणून मिळतं. मात्र कारण हवामानाचं असेल तर ही भरपाई मिळत नाही, परतावा किंवा पर्यायी विमान मिळतं. काउंटरवर भांडण्यात शक्ती घालवण्याआधी रद्द होण्याचं कारण लेखी, निदान मोबाइलवरच्या संदेशात, मागून घ्या. पुढची सगळी मागणी त्या एका ओळीवर उभी राहते. आणि पावसाळ्यात दिवसातल्या शेवटच्या विमानाचं तिकीट काढू नका. दुपारचं रद्द झालं तर संध्याकाळच्या विमानात जागा मागता येते, रात्रीचं रद्द झालं की सकाळपर्यंत मागायला विमानच नसतं.